ट्रॅव्हर्टाईन की मार्बल? जळगावचं ऊन, बोअरचं पाणी आणि काळी जमीन धरून सांगा

तापीकाठ
जळगावच्या बाहेर तळमजल्याचं घर बांधणं चालू आहे. प्लिंथ झाला, भिंती झाल्या, आता फरशीचा विषय. हॉल १४ × २० फूट. पुढे ८ × २० चा व्हरांडा, तोंड पश्चिमेला, म्हणजे दुपारी दोनपासून ऊन थेट अंगावर. देवघर, स्वयंपाकघर, दोन न्हाणीघरं. व्हरांड्याच्या भिंतीलाही दगड लावायचा विचार आहे, १० फूट उंचीपर्यंत. पाणी बोअरचं आणि चांगलंच जड. जमीन काळी.
हॉलला पांढरा मार्बल घ्यायचा असं घरात सगळ्यांचं म्हणणं. दुकानदार ट्रॅव्हर्टाईन दाखवतो आणि म्हणतो, "मार्बलच समजा, फक्त भोकं असतात." दोन्हींत नेमका फरक काय आणि कुठे काय लावावं? दर मी बघून घेईन, दगडाचं बोला.

ओळंबा
भाऊ, "मार्बलच समजा" यातलं अर्धं खरं आहे. दोन्ही दगड मुळात कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुन्याच्या घराण्यातले. कडकपणा दोघांचा मोह्जच्या मापावर ३ च्या आसपास, म्हणजे वाळूचा कण (७) दोघांनाही ओरखडा पाडणार. लिंबू दोघांनाही खाणार. त्या बाबतीत एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.
फरक पोटातला आहे. मार्बल म्हणजे चुनखडक जमिनीत खोल दाबाखाली आणि उष्णतेत भाजून निघालेला, त्यामुळे त्याचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले. ट्रॅव्हर्टाईन झऱ्याच्या पाण्यातून थरावर थर साचून होतो. वायूचे बुडबुडे, शेवाळ, काड्या अडकलेल्या जागा पोकळ राहतात. तीच ती भोकं.
याचा परिणाम आकड्यांत बघा. अमेरिकन मानकांत मार्बलला पाणी शोषायची मर्यादा वजनाच्या ०.२० टक्के आहे आणि ट्रॅव्हर्टाईनला २.५ टक्के. घनता मार्बलची २.७ च्या आसपास, ट्रॅव्हर्टाईनची साधारण २.३ ते २.५. त्यामुळे १८ मिमी मार्बल आणि २० मिमी ट्रॅव्हर्टाईन, दोन्हींचं वजन चौरस फुटाला साडेचार किलोच्या जवळपासच येतं. तुमच्या हॉलचा मार्बल सव्वा टन भरेल.

खडकवेडा
थोडी भर. जुन्या रोमजवळच्या तिवोलीचा ट्रॅव्हर्टाईन कोलोसियमला लागलाय, तुर्कस्तानातलं पामुक्काले म्हणजे ट्रॅव्हर्टाईनचाच डोंगर. आपल्या बाजारात येणारा बहुतेक माल इटली, तुर्कस्तान आणि इराणचा.
कोणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगतो: चोपड्याजवळच्या उनपदेवला गरम पाणी आहे म्हणून तिथे ट्रॅव्हर्टाईन निघेल असं नाही. नुसतं पाणी गरम असून भागत नाही, त्यात विरघळलेला चुना भरपूर लागतो. आपल्या पायाखाली मैलोन्‌मैल काळा पाषाण आहे, चुनखडक नाही. काळ्या मातीत पांढऱ्या चुनखडीचे खडे सापडतात ते वेगळं प्रकरण.
आणि "इटालियन मार्बल" म्हणून जे विकतात त्यातलं बोत्तिचिनो, डायना हे भूशास्त्राच्या हिशेबात चुनखडक आहेत. कारारा, स्टॅच्युअरियो हे खरे मार्बल. आपल्याकडचा राजस्थानातला मकराना बहुतांशी शुद्ध कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक), तर तिथल्याच राजनगर-मोरवडचा माल डोलोमाइटी, म्हणजे चुन्याबरोबर मॅग्नेशियम असलेला. डोलोमाइटवर आंबटाचा डाग जरा हळू चढतो, एवढा व्यवहारातला फायदा.

तापीकाठ
मग स्वयंपाकघराच्या ओट्याला यातलं काय?

पाटावरवंटा
काहीच नको. ओट्याला काळा ग्रॅनाइट घ्या आणि मोकळे व्हा. कडप्पासुद्धा चुनखडकच, त्यावरही लिंबाचा पांढरा डाग पडतो, फक्त काळ्या रंगावर तो जास्त दिसतो.
आपल्या स्वयंपाकात काय काय सांडतं ते बघा ताई-भाऊ: भरताचं तेल, शेवभाजीचा रस्सा, चिंचेचा कोळ, ताक, हळद. त्यात जळगावात केळीचा घड घरात आला की चीक. तो ओला असताना पाण्यासारखा दिसतो आणि वाळला की काळपट तपकिरी होतो. भोकांच्या दगडात मुरला तर बसला मुक्कामाला.
दोन प्रकारचे डाग वेगळे ओळखा. एक, दगड खाल्ला गेलाय: बोट फिरवलं की खरखरीत आणि चमक गेलेली. याला डाग काढायचं औषध नाही, पुन्हा घासून पॉलिशच. दोन, दगडात रंग मुरलाय: पृष्ठ गुळगुळीत, फक्त रंग वेगळा. याला लेप लागतो.
तेलाच्या डागाला टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी ॲसिटोनमध्ये दाट कालवून ५-६ मिमी जाड लेप द्या. वर प्लॅस्टिक, कडा चिकटपट्टीने बंद, २४ तास. मग प्लॅस्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या, कारण डाग वर ओढला जातो तो वाळतानाच. खिडक्या उघड्या, गॅस बंद.
हळद आणि केळीच्या चिकाला तीच भुकटी, पण ६ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये. एका डागावर ॲसिटोन आणि पेरॉक्साइड दोन्ही कधीही मिसळू नका, ते मिश्रण स्फोटक होऊ शकतं.

रावेरकर
ताई, पेरॉक्साइडने मार्बल पिवळा पडतो असं ऐकलंय.

पाटावरवंटा
पेरॉक्साइडने नाही. पांढरा मार्बल पिवळा पडतो तो बहुतेक वेळा आतल्या लोहामुळे. खालून ओल चढत राहिली की लोह गंजतं आणि पिवळे-तपकिरी ढग वर येतात. ॲसिडने पुसलं की आणखी वाढतं. काळ्या किंवा रंगीत दगडावर मात्र पेरॉक्साइड आधी कोपऱ्यात लावून बघा, रंग उतरू शकतो.

भर_उन्हात
व्हरांड्याबद्दल बोलतो, कारण खरी निवड तिथेच आहे.
मे महिन्यात इथे हवा ४५ अंशांवर जाते, पश्चिमेच्या भिंतीवरचा दगड त्याहून बराच तापतो आणि पहाटे निवतो. कॅल्साइटचा स्फटिक तापला की एका दिशेने फुगतो आणि आडव्या दिशेने किंचित आकसतो. मार्बलमध्ये असे लाखो स्फटिक वेगवेगळ्या दिशांना तोंड करून गुंतलेले असतात, म्हणून दरवेळी तापलं-निवलं की कणांमधली पकड सैल होते. दगडाचा पातळ पत्रा मग वाकतो. शिकागोतला १९७३ चा एक उंच टॉवर कारारा मार्बलच्या सव्वा ते दीड इंची पाट्यांनी मढवला होता. त्या पाट्या वाकून तडकायला लागल्या आणि १९९०-९२ मध्ये सगळ्या काढून ग्रॅनाइट बसवावा लागला. हेलसिंकीच्या फिनलंडिया हॉलवरही हेच झालं, तिथे तर १९९०च्या दशकाअखेर बदललेला मार्बलही पुन्हा वाकला.
ट्रॅव्हर्टाईनमध्ये हे वाकणं फार कमी. कणांची गुंफण वेगळी, वर पोकळ्यांमुळे थोडी जागा मिळते. लॉस एंजेलिसचं गेटी सेंटर (१९९७) तिवोलीजवळच्या ट्रॅव्हर्टाईननेच मढवलंय, तेही उन्हाचं गाव आहे.
म्हणून पश्चिमेच्या भिंतीला ट्रॅव्हर्टाईन, २० मिमी, १० फुटांपर्यंत चिकटवून आणि प्रत्येक पाटीला स्टेनलेस स्टीलच्या पिना. त्याहून वर न्यायचं असेल तर ३० मिमी आणि ३०४ स्टीलचे क्लॅम्प, मागे ४०-५० मिमी हवेची जागा. त्या जागेने घरही जरा थंड राहतं.

गिरणाथडी
पण ताजमहाल मकराना मार्बलचाच ना भो? तो आग्र्याच्या उन्हात उभाच शे की.

भर_उन्हात
उभा शे, पण तिथला दगड जाड आहे, आत विटांचं भरभक्कम बांधकाम आणि जोडणी चुन्याची. आपण लावतो तो १८ मिमीचा पत्रा, सिमेंटने घट्ट धरलेला. त्या जाड दगडाशी आपल्या पत्र्याची तुलना नको.
शिवाय व्हरांड्याच्या फरशीला मार्बल नको यामागे दुसरं साधं कारण आहे. पॉलिश केलेला मार्बल पावसाच्या पहिल्या शिंतोड्यातच घसरडा होतो. ट्रॅव्हर्टाईन हौन्ड (चमक न आणता गुळगुळीत घासलेला) किंवा ब्रश फिनिशमध्ये घ्या, पाय धरतो.

गिरणाथडी
हे मान्य. तरी ट्रॅव्हर्टाईनच्या भोकांत आपल्याकडची धूळ भरणार. चैत्र-वैशाखातल्या वावटळी सुरू झाल्या की रोज सकाळी व्हरांड्यावर मातीचा थर असतो.

भर_उन्हात
भरणारच, म्हणून फरशीला भोकं बुजवलेला घ्या, भिंतीला न बुजवलेला चालतो. बुजवण्यातही दोन प्रकार: सिमेंटचं आणि रेझिनचं. बाहेर सिमेंटचं बरं. पॉलिस्टर रेझिन उन्हात पिवळं पडतं. कोणतंही घेतलं तरी काही भोकं नंतर उघडतातच. वरून अखंड दिसणाऱ्या कातडीखाली पोकळी असते आणि खुर्चीचा पाय किंवा टाच नेमकी तिथे पडली की टवका उडतो. दगडाचा चुरा आणि पांढरं सिमेंट किंवा जुळत्या रंगाचं फिलर घरात थोडं ठेवा, दोन-तीन वर्षांनी अशी भोकं भरायची. हे दगडाचं अंगचं आहे, दोष नाही.

ओळंबा
आता दगडाखालचं बोलू, कारण खानदेशात फरश्या बिघडतात त्या जास्त करून खालून. मग दोष मार्बलला नाहीतर गवंड्याला.
तापीकाठ भाऊ, प्लिंथमध्ये भराव कशाचा घातलाय? खोदलेली काळी मातीच परत आत ढकलली असेल तर थांबा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरची फरशी तिच्याबरोबर वरखाली होते. हॉलच्या मधोमध लांब सरळ तडा किंवा भिंतीच्या कडेने अर्ध्या इंचाची फट दिसली की समजायचं माती बोलतेय. काळी माती काढून मुरूम भरा, १५०-२०० मिमीचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुमसून. मुरमावर २५० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद, त्यावर १०० मिमी काँक्रीट १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी). कागद कोणी घालत नाही, पण पांढऱ्या मार्बलवर नंतर उमटणारे पिवळे-ओलसर डाग त्यानेच टळतात.
काँक्रीटला २८ दिवस द्या. घाई करायची तर भिंतींच्या रंगात करा, इथे नको.

तापीकाठ
भरावात काळी माती आहे, अर्ध्या भागात. काढतो. मालाचा हिशेबही सांगा.

ओळंबा
हॉल २८० चौरस फूट, म्हणजे २६ चौरस मीटर. मार्बल १० टक्के वाढीव धरून ३०८ फूट. खाली २५ मिमी सिमेंट-वाळूचा माल १:४, त्याला साधारण ५ गोण्या सिमेंट आणि २४-२५ घनफूट वाळू. वाळू चाळून आणि धुऊन घ्या. मातकट किंवा खारट वाळूतून पांढरी बुरशी, म्हणजे क्षार, सांध्यांतून वर येतात. वरची स्लरी (पाण्यात पातळ कालवलेलं सिमेंट) पांढऱ्या सिमेंटची, चौरस मीटरला ४ किलोच्या वर, म्हणजे एकूण १०५-११५ किलो धरा. करड्या सिमेंटची स्लरी पांढऱ्या दगडातून सावलीसारखी दिसते आणि ती मग कायमची.
लाद्या मागून ओल्या करून लावा. मागे फायबरची जाळी आणि रेझिन असेल तर सिमेंट तिला धरत नाही: जाळी घासून काढा किंवा त्या लाद्यांना इपॉक्सीचा चिकटा वापरा. केसरियाजी नावाच्या हिरव्या दगडाचा पट्टा मध्ये घालणार असाल तर तोही इपॉक्सीनेच, ओल्या सिमेंटवर हा दगड वाकतो.
व्हरांडा १६० फूट. ट्रॅव्हर्टाईन १५ टक्के वाढीव, १८४ फूट. कोपरे तुटतात, काही लाद्यांत मोठं भोक नेमकं कडेला येतं. हा दगड मालावर बसवण्यापेक्षा सपाट केलेल्या काँक्रीटवर पांढऱ्या स्टोन ॲडेसिव्हने बसवा, २० किलोच्या ४-५ गोण्या लागतील. लादीच्या मागेही हात फिरवून पूर्ण भरा. पाच ठिपके ठेवून लादी चिकटवणारा कारागीर दिसला तर काम थांबवा: ठिपक्यांमधल्या रिकाम्या जागेवर वजन पडलं की लादी फुटते आणि त्या पोकळीत पाणी साचतं.
हॉलमध्ये मार्बलचे सांधे १ मिमीपर्यंत चालतील. भिंतीच्या कडेने चारी बाजूंनी ५-६ मिमी फट सोडा, स्कर्टिंगखाली ती झाकली जाते. व्हरांड्यात सांधे ३ मिमी आणि दर ३ मीटरला एक फुगवट्याचा सांधा, सिलिकॉनने भरलेला. उतार १०० ला १ किंवा थोडा जास्त, बाहेरच्या बाजूला.

धुळ्याचा_ट्रकवाला
माल बघताना काय बघायचं ते मी सांगतो. राजस्थानचा मार्बल इंदूर-सेंधव्यावरून धुळ्यात उतरतो, उतरताना कोपरे जातात ते गाडीतच मोजून घ्या.
लादी पॉलिशच्या बाजूने बघू नका, मागून बघा. पाणी मारा आणि वाळताना बघत राहा. सगळीकडे वाळलं आणि एक रेघ ओली राहिली तर तो तडा. वरून रेझिनने भरलेला तडा तिरप्या उजेडात चमकतो. नाण्याने वाजवा, खणखणीत वाजला पाहिजे, बद्द वाजला तर आत फूट आहे. एका ब्लॉकचा माल एकत्र घ्या, नंतर चार लाद्या कमी पडल्या तर तो रंग पुन्हा मिळत नाही.
ट्रॅव्हर्टाईनला वेगळी चाचणी. एक न बुजवलेला, सील न केलेला तुकडा मागा. उन्हात दोन दिवस वाळवा, स्वयंपाकघराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोला. २४ तास पाण्यात ठेवा, फडक्याने पुसून पुन्हा तोला. ५०० ग्रॅमच्या तुकड्याचं वजन १२-१३ ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं तर फरशीला तो माल नको. चांगला मार्बल याच चाचणीत जेमतेम ग्रॅमभर वाढतो. आणि लादी उजेडासमोर धरा: आरपार उजेड दिसला तर ती भिंतीला लावा, पायाखाली नको.

रावेरकर
पॉलिश कधी करायचं? घिसाईवाले चौथ्या दिवशीच मशीन घेऊन दारात उभे असतात.

ओळंबा
सात दिवस तरी द्या, त्याआधी मशीनच्या हादऱ्याने लाद्या सुटतात. ६० नंबरच्या घासदगडापासून सुरू, मग १२०, २२०, ४०० असं वर. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे शेवटच्या चमकेत दिसतात, आणि तेव्हा परत मागे जाण्याशिवाय उपाय नाही. प्रत्येक नंबरानंतर गाळ वाळायच्या आत धुऊन काढा. शेवटी ऑक्झॅलिक पावडर, चौरस मीटरला ३३ ग्रॅमच्या आसपास, ओल्या फेल्टने रगडून. काही जण भराभर टाकतात आणि पृष्ठ जाळून ठेवतात, समोर उभे राहा.
घासणीचं पाणी गटारात सोडू नका, गाळ बसून गटार दगडासारखं होतं.

तापीकाठ
राहिली न्हाणीघरं. तिथे भिंतीला ट्रॅव्हर्टाईन छान दिसतो, चित्रं बघितली.

खडकवेडा
चित्रातल्या न्हाणीघरात आपलं बोअरचं पाणी नसतं.
तुमच्या नळावर जो पांढरा थर बसतो तो कॅल्शियम कार्बोनेट. तुमचा दगडही कॅल्शियम कार्बोनेट. थर विरघळवणारी प्रत्येक गोष्ट, टॉयलेट ॲसिड, व्हिनेगर, लिंबू, "स्केल रिमूव्हर", दगड तितक्याच आनंदाने विरघळवते. टाईलवरचा थर ॲसिडने निघतो कारण टाईल दुसऱ्या मालाची असते. इथे ती सोय नाही. ट्रॅव्हर्टाईनच्या भोकांत थर बसला की वायपरही पोचत नाही, आणि जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो तो वेगळाच.
न्हाणीघराला साध्या टाईल लावा. दगड हवाच असेल तर पाणी न उडणाऱ्या एका भिंतीवर.

जामनेरची_लेक
आमच्याकडे सीलर मारून चालतो असं दुकानात सांगतात.

खडकवेडा
ताई, सीलर डाग आत मुरायला वेळ लावतो, एवढंच त्याचं काम. आंबटाने पृष्ठ खाल्लं जाणं त्याने थांबत नाही, आणि वर बसणारा पाण्याचा थरही नाही. मारायचा तर आत शिरणारा, सिलेन-सिलोक्सेनचा, दगड पूर्ण वाळल्यावर. ओल्या दगडावर मारला तर आतली ओल अडकून ढग दिसतात. लावल्यावर १० मिनिटांनी वर राहिलेला पुसून घ्या, नाहीतर चिकट पापुद्रा बनतो. पुन्हा कधी मारायचा? पाण्याचा थेंब ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत खाली गडद डाग उमटला तर वेळ झाली. ट्रॅव्हर्टाईनवर ही वेळ मार्बलच्या आधी येते.

तापीकाठ
ठरलं मग. हॉल आणि देवघर पांढरा मार्बल, व्हरांडा फरशी बुजवलेला ट्रॅव्हर्टाईन, पश्चिमेची भिंत न बुजवलेला, ओटा ग्रॅनाइट, न्हाणीघरं टाईल. देवघरात तेलाचा दिवा असतो, त्याचं काय?

पाटावरवंटा
दिव्याखाली पितळी ताट कायम ठेवा. कुंकू ओल्या मार्बलवर पडू देऊ नका, रंग चढतो. अभिषेकाच्या दह्याचं पाणी लगेच पुसा. देवघर पॉलिशऐवजी हौन्ड ठेवलंत तर आंबटाचे ठिपके डोळ्यांत भरत नाहीत.

तापीकाठ
एक राहिलं. व्हरांड्याला तीन पायऱ्या आहेत, ४ फूट लांब. त्याही ट्रॅव्हर्टाईनच्या, पट्ट्या दिसणारा व्हेन-कट घेतोय.

भर_उन्हात
पट्ट्या पायरीच्या लांबीच्या दिशेने धावल्या पाहिजेत. आडव्या आल्या तर पायरी त्या पट्टीवरूनच मोडते, कारण भोकांची रांग त्याच ओळीत असते. जाडी ३० मिमी, पुढची कड ३ मिमी गोल मारलेली, आणि खाली कुठेही पोकळ नको. पुढे २५ मिमीपेक्षा जास्त बाहेर काढू नका. दारात जाड काथ्याचं पायपुसणं टाका, नाहीतर व्हरांड्यातली वाळू चपलेबरोबर हॉलच्या मार्बलवर जाईल.

तापीकाठ
कारागिराने पट्ट्या आडव्याच आखल्या होत्या. उद्या सकाळी कापायच्या आधी सांगतो.